हवेचा रोध नगण्य मानून

तेहतीस वर्षं मी फळ्यासमोर वस्तू खाली सोडल्या. दगड, चेंडू, शिशाचे गोळे, एकदा तर बैठकीच्या खोलीतलं फुटकं घड्याळसुद्धा. निवृत्त झाल्यावर शेजारच्या सूनबाईंनी विचारलं, "बाई, तुम्ही कॉलेजात नेमकं काय शिकवायचात?" मी म्हटलं, "पडायला." त्या हसल्या. पण खरंच, पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाचा निम्मा भाग हातातून सुटलेली वस्तू खाली कशी येते एवढाच असतो. अजून दुपारी डोळा लागला की मला सांगलीतली ती लांबट प्रयोगशाळा दिसते. उंच खिडक्या, पितळी तराजूंवर सांडलेलं ऊन, पेठेकडून वाऱ्याबरोबर येणारा हळदीचा वास. आणि शेवटच्या बाकावर ताठ बसलेले हवालदार पवार.

मी नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. एकाहत्तरचं युद्ध संपून दीड-दोन वर्षं झाली होती. विभागप्रमुख चौगुले सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात दोन तास ठेवले. सकाळी प्री-डिग्रीचा, म्हणजे मॅट्रिकनंतरच्या वर्गाचा, बी ग्रुप. ही मिरजेच्या मेडिकल कॉलेजकडे डोळे लावून बसलेली, गणित सोडलेली मुलंमुली. त्यांना पदार्थविज्ञान शिकवायचं ते शाळेतल्या बीजगणितावर. दुपारी ए ग्रुप, गणितवाल्यांचा. त्यांना तेच सगळं कॅल्क्युलस वापरून.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीहून निघालेली एस.टी. मिरजेला किती वेळात पोचली हे कळलं की तिचा सरासरी वेग काढता येतो. तेवढं बीजगणिताला जमतं. पण वाटेतल्या एखाद्या वडाशी, अगदी त्या क्षणी, गाडीचा वेग किती होता? क्षणभरात गाडी सरकणार ती किती, आणि मग वेग कशाचा मोजायचा? या प्रश्नाला हात घालायचा तर कॅल्क्युलस लागतं. बीजगणित म्हणतं, वेग एकसारख्या गतीनं वाढतो असं धरून चालू. मग तीन सूत्रं पाठ करा, आकडे घाला, उत्तर काढा. वेग मनाला येईल तसा बदलायला लागला की ही तीन सूत्रं थांबतात. कॅल्क्युलस तिथून पुढे जातं.

मला कॅल्क्युलसचा मोठा अभिमान होता. सकाळचा तास म्हणजे शिक्षा वाटायची. पहिल्याच आठवड्यात मी बी ग्रुपला म्हणाले होते, "तुम्हाला खरं फिजिक्स दिसणार नाही, त्याची सावली दिसेल." ते वाक्य आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात.

त्या जूनमध्ये दुपारच्या तासाला एक तिशी ओलांडलेला माणूस दारात उभा राहिला. खाकी पँट, पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस. मला वाटलं कुणाचे तरी पालक.

"कुणाला भेटायचंय आपल्याला?"

"तुमास्नीच, बाई. मी इद्यार्थी हाय." त्यांनी पाय जुळवले. "हवालदार तुकाराम पवार, तोफखाना. आता पेन्शनीत."

वर्गातली साठ मुलं खदखदली. ते गेले आणि शेवटच्या बाकावर बसले.

पवार कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका खेड्यातले. मॅट्रिक होऊन फौजेत गेले, पंधरा वर्षं तोफेवर काढली, शेवटी एका कानानं ऐकू येईना म्हणून परत आले. सांगलीत मामेबहिणीकडे राहायचे. गावातल्या शाळेत विज्ञानाला मास्तर नाही, म्हणून बी.एस्सी. व्हायचंय, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. मला तेवढंच माहीत होतं.

थोड्याच दिवसांत लक्षात आलं की हा माणूस सकाळच्या तासालाही येतो. बी ग्रुपच्या मुलींमागे, भिंतीला पाठ लावून. मी विचारलं, तर म्हणाले, "दोन्हीकडं तुमी त्येच शिकवताय. सकाळी ऐकलेलं दुपारी पडताळतो."

"मग काय आढळलं?"

ते घुटमळले. "राग येणार न्हाई न्हवं? सकाळी तुमी येगळ्या असता, बाई. सकाळी तुमी हातानं दावता, थांबता, इच्यारता. दुपारी फळ्याकडं तोंड करून लिवत सुटता."

मला राग आला. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम फळ्याकडे पाठ केली आणि विचारलं, "एका क्षणाचा वेग म्हणजे काय, कोण सांगेल?" साठ मुलांनी सूत्र म्हणून दाखवलं. "सूत्र नको. म्हणजे काय?" मुलं वह्या चाळू लागली.

शेवटच्या बाकावरून पवार उठले. "तोफंचं सांगितलं तर चालंल का?"

"सांगा."

"निशाणा डोळ्याला दिसत नसतो. पुढं टेकडीवर आमचा एक मानूस दुर्बीण घिऊन बसल्याला. पयला गोळा टाकला, तो सांगतोय पल्याड पडला. मग चारशे यार्ड कमी केलं. अल्याड पडला. म्हंजी निशाणा दोहोंच्या मधी. मग निम्मं करायचं, दोनशे. परत पल्याड. परत निम्मं. दोन्हीकडनं दाबत दाबत आणायचं. मधली जागा बारीक बारीक हुत जाती."

"आणि शेवटी गोळा बरोबर निशाण्यावर पडतो?"

"पडंल, न पडंल. पर निशाणा कुटं हाय, ते ठरतं."

कुणी हसलं नाही. मी खडू हातात धरून उभी राहिले. एम.एस्सी.ला दोन वर्षं मी 'लिमिट' हा शब्द लिहीत आले होते. त्या दुपारी तो मला पहिल्यांदा दिसला, दोन्ही बाजूंनी जागा आवळत येणारा. एका क्षणाचा वेग असाच शोधायचा असतो. वडाच्या थोडं आधीपासून मोजा, थोडं पुढपर्यंत मोजा, मग अंतर निम्मं करा, पुन्हा निम्मं करा. त्यानंतर तेहतीस वर्षं मी लिमिट याच पद्धतीनं शिकवली आणि ती कुणाकडून आली हे दर वर्षी वर्गाला सांगितलं.

एवढं असूनही सहामाहीत पवार नापास झाले. गणितात तर फारच वाईट. समजत सगळं होतं, पण कागदावर चिन्हं उतरताना हात अडखळायचा. ऑक्टोबरच्या सुटीआधी ग्रुप बदलायची मुभा असे. मी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि फॉर्म पुढे केला.

"पवार, तुम्ही बी ग्रुपला जा. बीजगणितावर भागेल तुमचं. आता या वयात कॅल्क्युलस येणं अवघड आहे."

त्यांनी फॉर्म वाचला. मग म्हणाले, "बी ग्रुपात हवा हाय का?"

"काय?"

"सकाळच्या दर गणितात शेवटाला लिवल्यालं असतंय, हवेचा रोध नगण्य माना. दुपारीबी त्येच. हवा कवा येणार, बाई?"

मी हसले. "हवा पार एम.एस्सी.ला येते."

"मग मला तिथवर जायाला पायजे."

"का?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. सकाळच्या सूत्रानं त्यांनी एका तोफगोळ्याचं गणित केलं होतं. सुटतानाचा वेग, नळीचा कोन. गणित बिनचूक होतं. "ह्या हिशेबानं गोळा कुटं जातो बघा. खरा पडायचा त्याच्या फुडं दोन मैल. हवा सोडली की असं हुतंय."

"पण तुम्हाला या गोळ्याचं एवढं..."

"त्यो माझ्या तोफंचा हाय."

मग त्यांनी सांगितलं. खिडकीकडे बघत, कवायतीचा अहवाल द्यावा तसं. युद्धात एका सकाळी त्यांच्या तोफेचा एक गोळा अलीकडे पडला, आपल्याच पायदळाच्या खंदकांजवळ. एक जवान गेला. चौकशी झाली. गोळा उडवणाऱ्या दारूचा चार्ज ओला असावा, कुणाची चूक नाही, असं ठरलं. पवार त्या तोफेचे प्रमुख. कोन लावायचा दुसऱ्यानं आणि तो तपासायचा यांनी.

"मी तपासला का न्हाई, ते मला आठवत न्हाई, बाई. लय आठवून बघितलं. त्याच्या आधीचा आठवतो, नंतरचाबी आठवतो. तेवढाच आठवत न्हाई. चार्ज ओला हुता, का कोन चुकला हुता? गोळा कुटं पडला ते मला ठाव हाय. मग मागं मागं हिशेब करत गेलं तर कळंल न्हवं?"

मी फॉर्म उचलून खणात टाकला. तो तिथेच राहिला.

सुटी लागली. मी घरी बसून पाच दिवस कागद काळे केले. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला, समीकरणं मांडली, आणि एक सुटसुटीत सूत्र मिळेल म्हणून सोडवत बसले. सुटेना. चिन्हं एकमेकांत अडकून बसत. मी सगळं घेऊन चौगुले सरांकडे गेले. सर अंगणात वहाण शिवत होते. कागद बघून म्हणाले, "ह्याला सूत्र नाही, बाई. शोधू नका."

"मग कॅल्क्युलस कशाला शिकायचं?"

"वाट कुठल्या दिशेला आहे ते कळायला. चालायचं मात्र पायांनी. एक एक सेकंदाच्या पायऱ्या करा. एका सेकंदापुरता वेग सारखाच बदलतो असं समजा, तुमचं सकाळचं सूत्र लावा, गोळा एक पायरी पुढे न्या. तिथं हवेचा रोध नव्यानं काढा. पुन्हा पायरी." त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली काढून दिली. कशासाठी, ते विचारलं नाही.

मला आणि पवारांना, दोघांनाच ते झेपणारं नव्हतं. मी पद्माला बोलावलं. पद्मा हळदीच्या पेठेतल्या एका जैन व्यापाऱ्याची मुलगी, बी ग्रुपातली, लॉगॅरिदमच्या कोष्टकावर तिचं बोट इतकं भरभर फिरायचं की बघत राहावं. तिला मी म्हटलं, एका तोफगोळ्याचा मार्ग काढायचाय. बाकी काही सांगितलं नाही.

ते आठ-नऊ दिवस मला आयुष्यात वेगळे काढून ठेवल्यासारखे वाटतात. कॉलेज रिकामं. अंगणात कडुनिंबाची सावली हलत असे. आम्ही तिघं एका लांब टेबलाशी बसायचो. पवार त्यांच्या तोफेचा जुना तक्ता तोंडपाठ म्हणत, अमुक कोनाला इतके यार्ड. त्यावरून हवेच्या रोधाचा आकडा बसवला. मग मी पायरी सांगायची, पद्मानं कोष्टक बघायचं, पवारांनी रकान्यात लिहायचं. सेकंद पहिला, सेकंद दुसरा. गोळा कागदावर इतका हळू चढायचा की सकाळी सुटलेला दुपारच्या चहापर्यंत आकाशातच असायचा. माथ्यावर पोचला की आम्ही नकळत आवाज खाली आणायचो. मग तो उतरू लागे. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत तराजूंपर्यंत जाई, आणि कुठेतरी अठराव्या-एकोणिसाव्या ओळीत उंची शून्य होई.

तिसऱ्या दिवशी पद्मा एकदम थांबली. "बाई, हे तर आपल्या सकाळच्या तासातलंच आहे. नुसतं पुन्हा पुन्हा."

"हो."

"मग कॅल्क्युलस म्हणजे हेच का? पायऱ्या अगदी बारीक केल्या की?"

"हेच," मी म्हटलं. सावलीबद्दलचं माझं वाक्य तिच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे. तिनं काही म्हटलं नाही. बोट पुन्हा कोष्टकावर ठेवलं.

शेवटी दोन मार्ग काढायचे होते. एक ओल्या चार्जचा, म्हणजे थोड्या कमी वेगानं सुटलेल्या गोळ्याचा. रसायनशास्त्राच्या सरांना विचारून किती कमी धरायचा ते ठरवलं. दुसरा चुकलेल्या कोनाचा, आधीच्या निशाण्यावरचा कोन तसाच राहिला असता तर काय, त्याचा. दोन्ही पुरे झाले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पद्मा घरी गेली. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही गोळे जवळजवळ एकाच जागी पडत होते. मधे जेमतेम तीस-चाळीस यार्ड. खरा गोळा पडलेली जागा दोन्हींच्या आसपास, चुकलेल्या कोनाकडे किंचित झुकलेली.

माझ्या आधी पवारांनीच ते बघितलं. "हे जवळचं हाय." त्यांनी कोनाच्या कागदावर बोट ठेवलं.

"जवळचं आहे. पण पवार, आपला हिशेबच शंभर यार्ड इकडेतिकडे होऊ शकतो. एवढ्या फरकावरून काही म्हणता येत नाही."

"पायऱ्या बारीक केल्या तर? अर्ध्या सेकंदाच्या? पाव?"

मला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. अजून महिनाभर ते टेबल, ते ऊन. पण खरं सांगणं भाग होतं. "पायऱ्यांची चूक कमी होईल. पण त्या दिवशी वारा कसा होता, थंडी किती होती, चार्ज खरंच किती ओला होता, हे आपल्याला माहीत नाही. पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी ते कळणार नाही."

"आनि तुमच्या वरच्या लोकांस्नी? एम.एस्सी.च्या बी वरच्या?"

"त्यांनाही नाही."

"म्हंजी कुणालाच ठाव न्हाई."

"नाही, पवार. कुणालाच नाही."

त्यांनी तळहातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. मी उठून खिडकीशी गेले. मागून आवाज आला, "मला वाटायचं, साहेब लोकांस्नी ठाव हाय. शिकल्याल्या मानसांस्नी गणितानं कळतंय, आनि माझ्यावर दया करून सांगत न्हाईत. दोन वर्सं त्येच डोस्क्यात हुतं. मी म्हनलं, आपुनच शिकायचं."

नळावर तोंड धुऊन त्यांनी दोन्ही कागद मागितले. मी दिले.

सुटीनंतर पवार पुन्हा तासाला आले. सकाळीही आणि दुपारीही. वार्षिक परीक्षेत पदार्थविज्ञानात चांगले मार्क पडले. गणितात दुसऱ्या खेपेला कसेबसे सुटले. बी.एस्सी.च्या तीन वर्षांची त्यांना पाच लागली, आणि त्या दशकाच्या शेवटी ते गावच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर झाले. पद्मा मिरजेला डॉक्टर झाली. मी बी ग्रुपचा सकाळचा तास स्वतः मागून घेऊ लागले.

मास्तर झाल्यावर पवार एकदा पेढे घेऊन आले. प्रयोगशाळेतच बसलो. चहा झाल्यावर म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलं, बाई. त्या जवानाचं गाव मला ठाव हुतं. चौकशीत नाव आलं हुतं. साताऱ्याकडचा. फौजेतनं आल्यावर तीनदा सातारच्या स्टँडवर उतरलो आनि तितनंच माघारी फिरलो. काय सांगनार? चूक न्हाई म्हनायला त्वांड हुईना, चूक हाय म्हनायला जीव हुईना."

"मग?"

"तुमचं कागद मिळालं, त्या दिवाळीला गेलो. त्याचा बाप हुता घरी. म्हातारा. जनावरास्नी कडबा घालत हुता. म्या उभ्या उभ्याच सांगितलं. आबा, गोळा माझ्या तोफंचा हुता. चूक माझी हुती का न्हवती, ते मला ठाव न्हाई. लय शोधलं. कुणालाच ठाव न्हाई."

पवारांनी कप खाली ठेवला.

"त्यानं कडबा टाकला समदा. मग मला बसाया घोंगडं दिलं. सवता भुईवर टेकला. मग इच्यारलं, 'तवा दिस हुता, का रात हुती रं?' म्या म्हनलं, 'दिस हुता, आबा. सकाळची येळ. चांगलं ऊन पडलं हुतं.'"

"काय म्हणाले ते?"

"म्हनाला, 'मला वाटायचं, पोरगं अंधारात गेलं.'"